दहा उत्तरांचं स्पॅनिश

१६ जून, सोमवार
सकाळी नऊला हितेंद्रभाऊ घरी. हे आमच्या फैजपूरच्या शाळेचे चेअरमन. शिवाय परदेशात केळी पाठवतात. म्हणाले, "मॅडम, आठवी-नववीला स्पॅनिश सुरू करायचंय. आमच्या पॅकहाउसवर इक्वेडोरचे साहेब आलेत, पॅकिंग शिकवायला. आपल्या पोरांनी त्यांच्याशी चार शब्द बोलायला पाहिजेत. तुम्हाला येतं ना?"
मी म्हटलं, येतं.
यात खोटं काही नाही. मला फ्रेंच येतं, आणि स्पॅनिश ही फ्रेंचचीच खेड्यात दिलेली बहीण. जळगावला एकतीस वर्षं फ्रेंच शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेलं एकही पोर नव्वदच्या खाली आलं नाही. कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नाडेटने माझ्याकडून जे घोकून घेतलं ते आजही झोपेतून उठवून विचारा.
नाना म्हणाले, तुला स्पॅनिश केव्हापासून येतं? ज्या नवऱ्याचा जन्म वीज मंडळात गेला त्याला भाषेतलं काय सांगायचं.
अट एकच. २ ऑगस्टला ते साहेब शाळेत येणार. मुलं बोलली तर वर्ग पुढे चालू आणि मीही चालू.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून एक तास स्पॅनिश. पंधरा दिवस भरपूर झाले.

१७ जून
पाचचा गजर लावला होता. सव्वासातला उठले. वीज नव्हती.
शब्द पाठ: शून्य. पण वही आणली. दोनशे पानी.

१९ जून
नानांनी फोनमध्ये भाषा शिकायचं ॲप घालून दिलं. ते मला सारखं 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणतं. एकतीस वर्षांच्या अनुभवी शिक्षिकेला! बंद केलं.

२३ जून, सोमवार
पहिला तास. छत्तीस मुलं उभी राहून "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणाली. गळ्याशी काहीतरी आलं. बहुधा सकाळचा पोह्यातला दाणा. रिटायर होऊन सात वर्षं झाली. एवढ्या काळात मला मॅडम म्हणणारा फक्त गॅसवाला, आणि तो समोरच्या दहा वर्षांच्या पोरीलाही मॅडमच म्हणतो.
दीड पान शिकवलं. माझंही तेवढंच झालं होतं.

२७ जून
ॲप, व्याकरण, संभाषण सगळं झूट आहे. मी माझ्या पद्धतीवर आले. दहा प्रश्न, दहा उत्तरं. उत्तरं मुलांनी क्रमाने पाठ करायची. याच पद्धतीने फ्रेंचला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव पाडलेत. नेटवरून दहाही उतरवून घेतली.
नववीतला सुयश म्हणाला, "मॅडम, तिसरा प्रश्न आधी विचारला तर?"
मी म्हटलं, कोण विचारणार? प्रश्न मीच विचारणार आहे.
बसला खाली.

३ जुलै
नववीत समीक्षा नावाची एक आगाऊ मुलगी आहे. घरी स्पॅनिश मालिका बघते. म्हणाली, "मॅडम, ते लोक तोंडाने बोलतात. तुमचं सगळं नाकातून येतं."
मी तिला सांगितलं की चांगल्या घरची भाषा नाकातूनच येते. वर्ग हसला. कुणावर हसला ते नीट कळलं नाही. तिच्यावरच असणार.

९ जुलै
आठवीतल्या डिंपलने विचारलं, पोटात दुखत असेल तर काय म्हणायचं? मी सांगितलं, ते दहात नाही. "मग दुखलं तर?" मराठीत दुखू दे, म्हटलं. पोरांना हल्ली सिलॅबसच्या बाहेरचीच हौस.
संकल्प: उद्यापासून पहाटे पाच. अर्धा तास तरी.

१० जुलै
जांभळांचा रस काढायचा होता. उद्यापासून.

२१ जुलै
दहाही उत्तरं पाठ! सगळा वर्ग एका सुरात, भिंती हलतात. शेजारच्या वर्गातून गणिताचे प्रेमराज सर आले. त्यांना वाटलं आरती सुरू आहे. कौतुकाने बोलले असं मी धरून चालले आहे.
नानांचा प्रश्न: उत्तरांचा अर्थ मुलांना कळतो का? अर्थ दहावीला कळतो. आधी मार्क कळायला पाहिजेत.
स्वतः अर्थ बघायचा राहिलाय. सहाव्या उत्तरात मांजर आहे एवढं नक्की.

१ ऑगस्ट
उद्या साहेब. पाचवारी इरकल काढली. हितेंद्रभाऊंचा फोन: साहेबांबरोबर पॅकहाउसवरची भिकुबाई येईल, केळीच्या फण्या घेऊन. म्हटलं, येऊ द्या, एवीतेवी कुणीतरी टेबल पुसायला लागेलच.

२ ऑगस्ट, शनिवार
शांतपणे लिहिते. माझी काही चूक नाही.
सेन्योर अर्नाल्दो आले. गोरेपान, घामाघूम, सकाळपासून प्रत्येक बागेत शहाळं पाजलेलं. मी पहिला प्रश्न विचारला. छत्तीस मुलं कडाडली. दुसरा, तिसरा, चौथा. हितेंद्रभाऊ टाळ्या वाजवत होते. आयुष्यात इतकी ताठ कधी उभी राहिले नव्हते.
मग साहेब स्वतःच उठले आणि डिंपलला काहीतरी विचारलं.
क्रमाने पाचवं उत्तर होतं. मुलांनी दिलं. पाचव्यात आपले काका माद्रिदला राहतात आणि त्यांना निळी टोपी आवडते असं आहे (हा अर्थ मला आज कळला).
साहेबांनी तेच पुन्हा विचारलं, जरा घाईने. मुलांनी सहावं दिलं. आमच्याकडे दोन मांजरी आहेत.
साहेबांचा चेहरा लाल झाला. एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलायला लागले. मला वाटलं भारावले. अशा वेळी माणसाला आधार द्यावा म्हणून मी हार घातला, खुर्चीत बसवलं आणि सातवा प्रश्न विचारला.
तेवढ्यात दारातून भिकुबाई ओरडली. ही मूळची पिंपळनेरकडची, पाचवी पास, पॅकहाउसवरच्या बायकांची मुकादम. "अवो मॅडम, त्या संडास कोठे शे ते इचारी ऱ्हायनात! हार कसाले घाली ऱ्हायनात?"
मग ती साहेबांना काहीतरी दोन शब्द बोलली. साहेब हारासकट पळाले.
परत आल्यावर वीस मिनिटं ते भिकुबाईशीच बोलत होते. ती स्पॅनिशमध्ये सुरू करते, अहिराणीत संपवते, आणि त्या माणसाला सगळं कळतं. तोही तिला अहिराणीत "बठ्ठं चांगलं शे", म्हणजे सगळं छान आहे, म्हणाला. छत्तीस पोरं तोंड उघडं ठेवून ऐकत होती. माझ्या तासाला ती तोंडं कधी इतकी उघडली नव्हती.
विचारल्यावर म्हणाली, "मी कोठे शिकनू मॅडम? दोन महिना त्यास्ना संगे खोकी भरी ऱ्हायनू. बोलावाच लागस."
टीप: इक्वेडोरचं स्पॅनिश मुळातच अशुद्ध असतं.

४ ऑगस्ट, सोमवार
हितेंद्रभाऊंनी बोलावलं. स्पॅनिश चालू राहणार. सोमवार-बुधवार भिकुबाई घेणार.
मी म्हटलं, पाचवी पास बाई?
म्हणाले, "मॅडम, पोरं तिच्याशी बोलायला लागली. आज सकाळी गेटवर सुयशने तिला काहीतरी विचारलं आणि तिने उत्तर दिलं. उत्तर दिलं, मॅडम!"
"आणि मी?"
"तुम्ही राहाच. हजेरी कोण घेणार?"
घरी येऊन राजीनामा लिहिला. फ्रेंचमध्ये, दीड पान, सिस्टर बर्नाडेटच्या वळणाच्या अक्षरात. शिपायाच्या हाती पाठवला.

५ ऑगस्ट
राजीनामा शाळेच्या नोटीस बोर्डावर लावलाय. खाली हितेंद्रभाऊंच्या अक्षरात: "मॅडमचे विद्यार्थ्यांस शुभेच्छापत्र." आठवीची पोरं उतरवून घेत होती. काही जणांचा पहिला परिच्छेद पाठसुद्धा झालाय.
नाना म्हणाले, मराठीत लिहून दे की. लिहिला. दिला नाही. बाहेर ऊन होतं.
नानांनी विचारलं, "जायचंय का सोडून?"
काय प्रश्न आहे! मी गेले तर छत्तीस मुलांची हजेरी वाऱ्यावर.

६ ऑगस्ट, बुधवार
हजेरी घेतली. नंतर मागच्या बाकावर बसले. पर्यवेक्षण.
भिकुबाईने टेबलावर माठ ठेवला, ग्लास ठेवला. फळ्यावर एक अक्षर नाही. प्रत्येकाने पुढे यायचं, साहेबाकडे मागावं तसं स्पॅनिशमध्ये पाणी मागायचं. नीट मागितलं तर मिळणार. पोरं धक्काबुक्की करत रांगेत. डिंपलला पहिल्या फटक्यात मिळालं. सुयश तीनदा प्यायला.
रांग संपली तेव्हा भिकुबाईने माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, मी शिक्षिका आहे.
"ते बठ्ठं ठीक शे मॅडम. पन पानी पेवाले पाहिजे ना? या मंग, मांगा."
ऊन फार होतं. गेले पुढे. मागितलं.
भिकुबाई हसली नाही. म्हणाली, परत. समीक्षा माझ्या मागे उभी राहून हळूच म्हणाली, "मॅडम, नाकातून नको." परत मागितलं. छत्तीस पोरं माझ्या तोंडाकडे बघत. कुणी हसलं असतं तर मी खरंच गेले असते. कुणी हसलं नाही.
तिसऱ्या वेळी भिकुबाईने मान तिरकी करून ऐकलं, जरा विचार केला, आणि माठात ग्लास बुडवला.
अर्धा दिला.