गयेला काय सोडलं

६ जानेवारी १९३८, अमरावती

निघालो एकदाचे! बुद्धाच्या दर्शनाला निघालेला आमचा दादा एका फुटक्या सुरईवरून गड्याच्या अंगावर ओरडत होता. गावात तो बापूसाहेब वकील; घरात मी त्याची धाकटी बहीण, मला तो आतून-बाहेरून पाठ आहे.

अकोल्याच्या मुलींच्या शाळेत मला शिकवायची जागा मिळाली आहे. मोठ्या बाई म्हणाल्या, 'फेब्रुवारीपर्यंत राखते, पुढे नाही.' राहायची सोय माझी मैत्रीण शालू हिच्याकडे, जुन्या शहरात. सगळं ठरलं—फक्त दादाचं 'हो' नाही. 'यात्रेहून आल्यावर पाहू, सिंधू.' त्याचं 'पाहू' म्हणजे नाही! विधवा बहीण परगावी राहिली तर लोक काय म्हणतील, हे तो तोंडाने बोलतो. वहिनीला दमा, मग घर कोण पाहील, हे पोटात ठेवतो.

पण मी हरायची नाही. सबंध यात्राभर साक्षात बुद्ध माझ्या बाजूने बोलणार आहे.

७ जानेवारी, गाडीत

दादाचं व्याख्यान सुरू. 'राजवाडा सोडला! बायको, पोर, सगळं सोडलं!' डब्यातले परके लोकही माना डोलवताहेत. मी विचारलं, 'राजवाड्यापासून अकोला किती लांब रे?' तो खिडकीबाहेर पाहू लागला.

१० जानेवारी, सारनाथ

नवं विहार पाहिलं. फार आवडलं. भिंतींवरची चित्रं रंगांनी अजून ताजी वाटतात. मोरोपंत, म्हणजे आमच्याबरोबर आलेले भिक्षुक, सोवळं नेसून दाराशी उभे. आत जावं की नाही? शेवटी म्हणाले, 'दशावतारातला नववाच ना हा? मग आपलाच!' आणि सगळ्यांच्या आधी आत शिरले.

किसनराव आणि तानुबाई मात्र कशाला म्हणून बिचकत नाहीत. वडाळीकडे त्यांचा भाजीचा मळा आहे, दादा त्यांचा वकील. किसनरावांनी आवारातली माती चिमटीत घेऊन चोळून पाहिली. 'वांगं चांगलं येईन इथं.'

१३ जानेवारी, कुशीनगर

लॉरीने हाडं खिळखिळी झाली. पण ती मूर्ती! केवढी लांब, कुशीवर निजलेली, अंगावर पिवळी चादर. मला एकदम रडू आलं. आमच्या यांच्या शेवटच्या दिवसांत मी अशीच उशाशी बसून होते, ते आठवलं.

दादा हलक्या आवाजात महाभिनिष्क्रमण समजावत होता. तानुबाईंनी पाय चेपावेत तसा मूर्तीच्या पावलांवर हात फिरवला आणि म्हणाल्या, 'काहो बापूसायेब, हे घर सोडून गेले, ते समजलं. पन यायच्या बायकोले जा वाटलं असतं, तं तिले कोनी जाऊ देल्लं असतं का?'

मी शिकवलं नव्हतं हो त्यांना! देवाशपथ!

दादा म्हणाला, 'तो काळ वेगळा होता.'

१७ जानेवारी, गया

आज झालं ते नीट लिहिते.

दादाने आईबाबांचं श्राद्ध केलं, यांच्या नावानेही पिंड दिला. शेवटी अक्षयवटाखाली आलो. इथला रिवाज असा, की आपल्या आवडीची एक गोष्ट कायमची सोडायची. वडासमोर बोललं की बोललं, मरेपर्यंत पाळायचं. त्याशिवाय पंडा श्राद्ध सुफल झालं म्हणत नाही.

आणि आमची मंडळी काय सोडतात पहा! किसनरावांनी फणस सोडला. वऱ्हाडात फणस येतो कुठे? तानुबाई खेकसल्या, 'देवाले फसवून राह्यले का?' मोरोपंतांनी कांदा सोडला—सोवळ्यातल्या माणसाने! दादाने कारलं. जन्मात त्याने कारल्याला हात लावला नाही. हसू दाबून माझ्या पोटात दुखायला लागलं.

मग पंडा माझ्याकडे वळला. 'माताजी, आप? कोई प्यारी चीज?'

मी बोरं म्हणणार होते. खरंच, बोरंच. तोंडून निघालं, 'दादा, तुझ्या परवानगीची वाट पाहणं सोडलं.'

पंड्याला मराठी कळलं नाही. त्याने अक्षता टाकल्या आणि सुफल म्हणून मोकळा झाला.

१८ जानेवारी

दादा बोलत नाही.

१९ जानेवारी, बोधगया

अजून बोलत नाही. बोधिवृक्षाखाली डोळे मिटून बसला होता. मोरोपंत मला बाजूला घेऊन म्हणाले, 'बोललेलं परत घेता येतं हो सिंधूताई. लहानसं प्रायश्चित्त आहे.'

'तुम्ही कांदा परत घ्या,' मी म्हटलं.

वाईट वाटतं, नाही असं नाही. आई गेल्यावर यानेच माझी वेणी घातलेली आहे, वेडीवाकडी का होईना. पण मी चुकले नाही. घरी जायचं, वहिनीला सगळं समजावून सांगायचं, दादाशी काय ते एकदाच भांडायचं, आणि महिनाअखेर अकोला गाठायचं. मुद्दे तयार आहेत. वकिलाची बहीण आहे मी!

२२ जानेवारी, बडनेऱ्याच्या पुढे, गाडीत

बडनेरा आलं. अमरावतीसाठी सगळे इथेच उतरणार. दादाने वळकट्या उतरवल्या, मोरोपंतांची भांडी उतरवली, तानुबाईंना हात दिला. मी उठले, तर माझी ट्रंक त्याने पायाने बाकाखाली आणखी आत सरकवली.

'बस. तुझं अकोला पुढं आहे. गार्डाकडून तिकीट वाढवून घेतलंय.'

'आणि वहिनी?'

'तिचं मी पाहतो.'

गाडी हलली. तो फलाटावर, मी आत.

भांडायची सगळी तयारी केली होती मी. मूर्तिजापूर आलं, तरी रडू थांबत नाही.