दुकानाची पाटी

प्यारी अम्मी, सलाम.

मी दोह्यात मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. तू दिलेले सोडे परवा कांद्यात परतले, तर शेजारीण वास घेत दारात आली. तुझा गुडघा कसा आहे?

फोनवर हे बोलता आलं नसतं, म्हणून गावी निघालेल्या हफ्साच्या हाती पत्र देतेय.

कंपनीच्या संचालक मंडळात बाई असायलाच हवी, असा कायदा सरकारने करावा का, यावर ऑफिसात चर्चा होती. मी उठून म्हणाले, "कायदा कशाला? माझी अम्मी रेवदंड्यात सुक्या मासळीचं दुकान एकटी चालवते. तिला कुठल्या कायद्याने खुर्ची दिली?" टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, "बघा, बायकांनाच नकोय."

समोर जरीनाबाजी होत्या. मला इथे नोकरीला त्यांनीच लावलं आणि मंडळावर जायला त्यांच्याइतकं लायक कुणी नाही. त्या रागावल्या नाहीत. चहा पिताना एवढंच विचारलं, "अम्मीच्या दुकानावर पाटी कुणाच्या नावाची आहे?"

पाटी अब्बांच्या नावाची, 'रफिक अँड सन्स'. अब्बा कुवेतला, शारिकभाई मस्कतला. तरी गेल्या ईदला पाटी नव्याने रंगवली, तेव्हा पेंटरला फोनवर मजकूर मीच सांगितला. मग तुला विचारलं, "बरोबर आहे ना?"

तू म्हणालीस, "मी शिडी धरलीय गो, मागनं बोलते."

अम्मी, मागनं मी विचारलंच नाही. आता विचारतेय.

तुझी,
अलिना