चार कोपऱ्यांचे दगड

शुक्रवार, संध्याकाळ

उद्यापासून पन्हाळ्यावर वाकळ शिवायचं तीन दिवसांचं शिबिर. मशीन अखेर जुनं, हाताचंच नेतोय. नवं विजेचं हलकं आहे, पण गोधडीच्या पाच थरांवर टाके सोडतं. ते मला चालत नाही. अठरा नंबरच्या सुया, पांढरा दोरा, खडू, टेप. आणि चार दगड. थर अंथरले की कोपऱ्यांवर ठेवतो, कापड सरकत नाही. ही युक्ती मला कुणी शिकवलेली नाही.

शिबिर घेणाऱ्या गारगोटीच्या आक्कांना फोनवर सामान वाचून दाखवलं, तर हसायलाच लागल्या.

“अवो पावणं, गडावर दगडं घिऊन येताय व्हय? बारा बायका हायत की कोपरं धरायला!”

म्हटलं, माणसं हलतात, दगड हलत नाहीत.

“हलूदेत की!”

तेव्हापासून तेच डोक्यात. सात वर्षं एकट्यानं शिवतोय, एकही कोपरा वाकडा नाही. पण समोर कापड ताणून धरणारं कुणी असेल, तर माझा हात चालेल का? खरंच ठाऊक नाही.

तीन दगड गॅलरीत परत ठेवले. चौथा अजून पिशवीतच आहे. एखादी बाई आली नाही तर.