यादीत पहिलं आलेलं झुडूप

सोलापूर, मंगळवार

प्रिय बिरूदादा,

पाच दिवस झाले, तुझा फोन बंद लागतोय. कुठल्यातरी दुकानात चार्जिंगला लावून विसरला असशील, अशी माझी मीच समजूत घालतेय. पण जीव थाऱ्यावर नाही. तुझ्या सोबतच्या कुणाचा नंबरही माझ्याकडे नाही. धुळामामा उद्या पहिल्या एसटीनं करमाळ्याकडे निघालाय. तुमचा मेंढरांचा वाडा कुठल्या रानात बसलाय ते विचारत विचारत येईल, त्याच्या हाती ही चिठ्ठी देतेय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. सातवीनंतर तू पुस्तक हातात धरलं नाहीस, आणि हे दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस.

तू शाळा सोडून मेंढरांमागे गेलास म्हणून मला विद्यापीठात कॉम्प्युटरपुढे बसता आलं. माझं काम तुला कधी धड कळलं नाही. दिवसभर टीव्ही बघती म्हणून चिडवायचास. वाघरीच्या जाळीच्या दारातून तू एकेक मेंढी पारखून सोडतोस ना, तसे मी आपल्या माळावरच्या औषधी झाडांतले बाराशे रेणू कॉम्प्युटरमध्ये एकेक करून पारखले. मेंदूत झोप आणणारी जी जागा असते, तिथं कोणता नीट बसतो ते बघायचं. पहिला आला तो कुठल्या झुडपातला, हे इथं लिहीत नाही. चिठ्ठी भलत्याच्या हाती पडायला नको. तुला ठाऊक आहेच.

ट्रक कळपात घुसला त्या दिवसापासून तुझी झोप उडाली. डोळा लागला की हॉर्न ऐकू येतो म्हणालास, तेव्हा मला राहवेना. आमच्या मॅडम बजावून सांगत होत्या, की ही नुसती यादी आहे, खऱ्या चाचण्यांना अजून कितीतरी वर्षं लागतील. पण माझ्या अंगात शहाणपण शिरलं होतं. मी फोन करून तुला पाला उकळून प्यायला सांगितलं. तू काय म्हणालास, आठवतंय?

"मेंढरं ह्याला तोंड लावत न्हाईत, आन् मला पाजतीस व्हय?"

मी हसले. मेंढरांना कुठं झोपेचं दुखणं असतं, म्हणाले. आठवड्यानं तू सांगितलंस, लई गाढ झोप लागली. त्या दिवशी मी सगळ्या लॅबला पेढे वाटले.

दादा, मला फार भीती वाटतेय. विषारी काय ते सांगणारा प्रोग्रॅमही मी चालवला होता आणि त्यात तो रेणू स्वच्छ निघाला होता. पण मी त्याला तपासायला एकच रेणू दिला होता. तुला प्यायला दिला तो आख्खा पाला, त्यात आणखी शेकडो रेणू असतात. ते मी बघितलेच नाहीत. एवढं शिकून एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही, याची लाज वाटते.

हे मी लॅबमध्ये बसून लिहीत नाही, दवाखान्यातल्या कॉटवर बसून लिहितेय. भावाला पाजायचं आणि आपण लांबून बघायचं हे बरं वाटेना, म्हणून तुझ्यामागून मीही तोच काढा सुरू केला. आधी अन्नावरची वासना गेली, मग उलट्या सुरू झाल्या. लिव्हरला सूज आलीय, वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले. आईला कळवलेलं नाही. मी अठरा दिवस प्यायले, तुला दीड महिना झाला. आज सकाळचा काढा घेतला नसशील तर घेऊ नकोस. पाला जाळून टाक, मेंढरं सोबतच्या माणसांवर सोड आणि मामाबरोबर त्याच पावली इकडे निघ. आणि कुणालातरी उन्हात तुझे डोळे बघायला सांग. पिवळे दिसतात का ते. माझे दिसतात.

तुझीच,
ऋतुजा