काचेवरचं कुंकू

भांडुप,
१४ ऑक्टोबर २०२४

ती. रत्नप्रभाताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून पत्र. कारखान्यात दसरा झकास झाला. यंदा नव्या प्रेसला मान. जे बेअरिंग बसवायला दत्ताराम भावोजी घण घालायचे, ते आता बटण दाबलं की विजेचा पंप तेलाच्या दाबाने बसवतो. सांग त्यांना, जळतील.

मालकांच्या आईने, रुक्मिणीबाईंनी, नेमकं दाबाच्या घड्याळाच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. काटा दिसत नाही, पण पूजेचं कुंकू पुसणार कोण? दिवाळीच्या साफसफाईत निघेल. तोवर आवाजावरून चालवतो.

माया आहेच, थोडा खाऊही पाठव.
तुझा धाकटा,
विद्याधर


कुडाळ,
१९ ऑक्टोबर

चि. विद्याधर यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हसतील वाटलं होतं, हसले नाहीत. बेअरिंगला घण घातला तरी बाकी जन्म तेलाच्या पंपांवरच गेलेला माणूस. म्हणाले, काटा दिसत नसेल तर पंप चालूच करायचा नाही. दाब वाढला की पाइपला सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. ते हाताने चाचपू नकोस. पंप बंद कर, दाब सोड, मगच बघ.

कुंकू ओल्या फडक्याने टिपून तुळशीत टाक. देवी रागावत नाही. मला मात्र भीती वाटते. लहानपणी आई तवा तापलाय म्हणाली की तू हात लावून बघायचास.

जपून राहा, सौ. दीप्तीला आशीर्वाद.
ताई


भांडुप,
२४ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. काल पाइपापाशी बारीक फुसफुस ऐकू आली, सवयीने हात फिरवला. उजव्या तर्जनीला सुई टोचल्यासारखं झालं, इतकंच. रक्तसुद्धा नाही. दीप्तीने हळद लावली.

आज बोट पांढरं पडलंय आणि ठणका मनगटापर्यंत आलाय. एवढ्याशा टोचण्याला डॉक्टरकडे गेलो तर कारखान्यात हसतील. भावोजींना सांगू नकोस. अक्षर वाकडं आलं तर तूही हसू नकोस.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.
विद्याधर


कुडाळ,
२८ ऑक्टोबर

चि. विद्याधर यास,
आशीर्वाद.

नको म्हणालास तरी ह्यांना सांगितलं. ते उठून पिशवीच भरायला लागले. म्हणाले, ती सुई नव्हे, तेल आत शिरलंय, आतून मांस कुजवतं. त्याच दिवशी चिरून धुवायला हवं होतं. शेजारच्या प्रीतमने तुम्हा दोघांना फोन लावले, कोणी उचलत नाही. माझा जीव थाऱ्यावर नाही.

हे पत्र पेटीत न टाकता ह्यांच्याच हाती देतेय. घरी असशील तर आहेस तसा त्यांच्याबरोबर हॉस्पिटलात जा. टोचलं म्हणू नकोस, पंपाचं तेल आत गेलंय म्हण. मग चार ओळी पाठव. दुसऱ्याकडून लिहून घेऊ नकोस, तुझ्याच हाताने लिही.

वाट बघतेय.
ताई


भांडुप,
२६ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जीव वाचला. काच भावोजींनी पुसली. पंप चालू केल्यावर काटा धोक्याच्या लाल पट्ट्यात गेला, तो सगळ्यांनी बघितला.

उत्तराला उशीर झाला, कारण दीप्तीने पाटी आणून दिली आणि मी बाराखडीपासून गिरवत होतो. तू म्हणालीस तसं माझ्याच हाताने लिहिलंय. डाव्या. आता हाच आहे.

तुझा,
विद्याधर