दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही

४ फेब्रुवारी
दहा मिनिटं चालणं, बस्स! वीस वर्षं शाळेतल्या पोरांना मैदानभर पळवलं, आणि आज कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत जाऊन आलो तर बायको दारात पाणी घेऊन उभी. गेल्या आठवड्यात गोलची जाळी बांधताना शिडीवरून पडलो — पोरांच्या देखत! मेंदूला हादरा बसलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हळूहळू वाढवायचं. डोकं ठणकायला लागलं की थांबायचं. लाजायचं नाही."
कसं नाही लाजायचं?

७ फेब्रुवारी
व्यायामाची सायकल, पंधरा मिनिटं. नाडी एकशे वीसच्या वर न्यायची नाही. बायको घड्याळ घेऊन समोर बसते. परीक्षेतल्या बाईंसारखी पेपर कधी काढून घेईल नेम नाही!

८ फेब्रुवारी
शेण खाल्लं. ही बाजारात गेल्यावर गुपचूप धावून आलो. दोनच चौक. परतलो ते भिंत धरधरून — उजेड डोळ्यांत खुपत होता, मळमळत होतं. हिने ओळखलंच. आधी झापलं, मग चेष्टेत म्हणाली, "खरंच दुखतंय, की नाटकं?"
जेवण गेलं नाही. हे वाक्य माझं आहे.

९ फेब्रुवारी
लिहूनच टाकतो एकदाचं. मागच्या वर्षी आमची गोलकीपर — नववीतली, सगळे तिला चिमणीच म्हणतात — खांबावर डोकं आपटून पडली. मी ओरडलो, "ऊठ! तोंडावर पाणी मार आणि खेळ!" उठली. खेळली. पुढे आठवडाभर मागे लागली होती — सर, पळालं की डोकं दुखतं, उजेड सहन होत नाही. मी सगळ्यांसमोर: "नाटकं करू नकोस." पोरं फिदीफिदी हसली. प्रगतिपुस्तकात शेरा मारला, 'मेहनतीची तयारी नाही'. वर लफ्फेदार सही!
तिने खेळ सोडला. मी म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. असं म्हणालो मी, एका पोरीबद्दल. स्वतःची किळस येते.

११ फेब्रुवारी
सायकल वीस मिनिटं. त्रास नाही. चिमणीच्या घरी जायला हवं. गेलो नाही. म्हटलं, आधी पुरतं बरं होऊ दे.

१५ फेब्रुवारी
आज हळू धावायची परवानगी मिळाली. दहा मिनिटं धावलो, आणि डोकं लख्ख! जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढलो. वर पोचल्यावर आठवलं — आता निमित्त संपलं.

१६ फेब्रुवारी
गेलो. पडदे ओढून बसली होती. माफी मागितली. तिची आई म्हणाली, "अजूनही दहा मिनिटं वाचलं की डोकं धरते हो. पण सर, तुम्हीच म्हणाला होतात ना नाटक आहे — म्हणून आम्ही डॉक्टरांना दाखवलंच नाही."