दाराआड थांबणारी

प्रिय आई,

सलाम.

नाताळ होऊन चार दिवस झाले. फराळाचे डबे निम्मे रिकामे झालेत. सुधीर आणि तुझी सून वंदना काल पुण्याला परतले. अंगणातली चांदणी तेवढी उतरवायची राहिली आहे. तू गेल्यानंतरचा हा पहिला नाताळ. तो कसा झाला हे तुला माझ्याशिवाय कोण कळवणार? तू पहिल्यांदा काय विचारशील तेही मला ठाऊक आहे. चोवीस तारखेला दार कोणी उघडलं? सांगते. पण आधी मला तुझ्याशी थोडं भांडायचं आहे.

तुला फेरीचं पहिलं वर्ष आठवतं ना? मी दहा वर्षांची होते. या भागात आपल्या लोकांची घरं जेमतेम नऊ, आणि तीही विखुरलेली. कर्जतला स्टेशनजवळ, खोपोलीत, शिळफाट्याला, आणि सगळ्यात शेवटी खालापूरच्या अलीकडे, शेतांच्या मधोमध आपलं एकट्याचं. म्हणून पपांनी कॅरोलची फेरी टेंपोतून काढायचं ठरवलं. टेंपो शेजारच्या अनुसयाकाकींचा. आदल्या दिवसापर्यंत त्यातून भाताचा पेंढा जायचा, त्यामुळे गाताना आम्ही सगळे शिंकत होतो. नियम असा की ज्या घरी गाणं झालं, त्या घरच्यांनी कुलूप लावायचं आणि टेंपोत चढायचं. प्रत्येक घराबरोबर आवाज वाढत जाणार! पपा काय खूश होते!

फक्त एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. दिवेलागणीला आपल्या अंगणात पोचलो तेव्हा ऐकायला कोणी उरलंच नव्हतं. तीसेक माणसं आपल्या बंद दारासमोर उभी राहून कुलपाला गाणं म्हणाली.

“पुढच्या वर्षी मी थांबते आत,” तू हसत हसत म्हणालीस. “कुलपापेक्षा बरं ऐकेन.”

आणि पस्तीस वर्षं थांबलीस.

आम्ही येऊन उभे राहायचो तेव्हा दार बंद, आतला दिवा मालवलेला. दोन कडवी झाली की आतून तुझा आवाज यायचा, “कोण आहे?” बाहेर तीस माणसं घसा फोडून गातायत आणि म्हणे कोण आहे! पपा सांगायचे, “आम्ही गाणारे!” मग तिसरं कडवं, आणि ते संपता संपता कडी निघायची. पपा गेल्यावर उत्तर द्यायचं काम सुधीरकडे आलं. तुझं काम तुझ्याकडेच राहिलं.

आई, लग्नाआधी तू नगरच्या चर्चमध्ये गायनमंडळात होतीस. आपल्या सगळ्यांत तुझा आवाज चांगला. मी चौदा वर्षांची असताना तुला विचारलं होतं, तू का येत नाहीस? तू म्हणालीस, “टेंपोत चढायला माझे गुडघे साथ देत नाहीत गं.” मी विश्वास ठेवला. तेव्हा तू जेमतेम छत्तीस वर्षांची होतीस! छत्तिसाव्या वर्षी कसले आले गुडघे?

पण तो हिशेब मी कधी केला नाही. मला पेटी मिळाली होती, मी टेंपोत पुढे बसायचे, सगळे माझ्या सुरावर गायचे. “आई, यंदा तू जा, मी थांबते,” हे एक वाक्य पस्तीस वर्षांत माझ्या तोंडून निघालं नाही. तू जुलैमध्ये गेलीस. बाहेर शेतात भाताची आवणी चालू होती आणि आपल्याकडे माणसं येत-जात होती, तेव्हा मला सारखं हेच वाक्य सुचत होतं. किती उशिरा!

नोव्हेंबरच्या शेवटी सुधीरचा फोन आला.

“ताई, यंदा फेरी शिळफाट्यालाच संपवू या.”

“आणि आपलं घर?”

“घराला काय, कुलूप.” मग हळूच म्हणाला, “मला नाही जमणार गं तिथे उभं राहायला. गाणं होणार आणि आतून कोणी काही विचारणारच नाही.”

“मी विचारेन. मी थांबते आत.”

“तू? आणि पेटी? तुझ्याशिवाय आमचं गाणं तीन दिशांना जातं.”

“जाऊ दे तीन दिशांना. घरी येताना रस्ता एकच आहे.”

तो हसला नाही. पण नाहीही म्हणाला नाही. शेवटचं घर एकदा वगळलं की ते पुढच्या वर्षीही वगळलं जातं, हे त्यालाही कळत होतं. मग तो आणि मी कुठल्या दारात भेटणार होतो?

चोवीस तारखेला मी सकाळीच कर्जतहून आले. करंज्या आदल्या दिवशी वंदनाने आणि मी माझ्याकडे कर्जतलाच केल्या होत्या. बिर्याणी दुपारपर्यंत दमावर बसली. अडीचला टेंपो निघून गेला आणि मी एकटी राहिले. मी मनाशी ठरवलं होतं की आजची दुपार तुझ्यासारखी काढायची. आई इथे एकटी कशी बसत असेल, बाहेर सगळे गात असताना तिला काय वाटत असेल, ते सगळं सोसून बघायचं. मी तुझी खुर्ची पुसली. तुझं गीतांचं पुस्तक मांडीवर घेतलं. डोळे भरून आले, आणि खरं सांगू, त्यात थोडं बरंही वाटत होतं.

तेवढ्यात मागच्या दाराने अनुसयाकाकी आल्या. हातात वालाच्या शेंगांची पाटी.

“चा ठेवलास का?” आल्या आल्या विचारलं.

“ठेवते की. बसा ना काकी.”

“तू अशी कडक होऊन का बसलीस? कोन येनार हाय का बघायला तुला?”

मी म्हटलं, “काकी, आई पस्तीस वर्षं इथे एकटी बसायची. आम्ही कोणी एकदाही…”

काकींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ताप आहे का ते बघतायत.

“एकटी? एकटी कुठं? मी असायची की. तुमचा टेंपो त्या वळणाव गेला की तुजी आय मला हाक मारायची. अनसे, गेली गं समदी! मंग आमी दोघी वटीव पाय पसरून बसायचो. चा प्यायचो, पयली करंजी आमीच खायचो. मंग ती केस सोडून उनात पडायची. झोपायची पन. घोरायची चांगली!”

“घोरायची?”

“तर! मीच उठवायची तिला. ऊठ बये, फाट्याव गानी ऐकाय येत्यात, दिवा मालव.”

“पण काकी, तिचे गुडघे…”

“गुडघं? शेताच्या बांधावनं माज्या म्होरं चालायची ती.” काकी शेंग सोलता सोलता हसल्या. “मला सांगायची, वर्साची एक दुपार माजी हाय. घरात मानूस नाय, रांधून झालेलं, आन कुनी हाक मारनारं नाय.”

मी तरी विचारलंच. मला वाटलं, निदान आतल्या आत गात असेल. “काकी, ती गाणी म्हणायची का बसल्या बसल्या?”

“गानी कशाला? तुमी येनारच होता की गायला!”

लबाड! आई, तू किती लबाड होतीस! आम्ही बाहेर थंडीत घसा खरवडत होतो, माझ्या मनात तुझ्या त्यागाचं एवढं मोठं देऊळ उभं राहिलं होतं, आणि तू इथे ओटीवर घोरत होतीस? मी हसले. इतकी हसले की काकींनी पाणी आणून दिलं. मग आम्ही दोघींनी चहा घेतला, पहिली करंजी मोडून खाल्ली, आणि मी चपला काढून पाय पसरले. एक्स्प्रेसवेवरची गाड्यांची घरघर लांबून येत होती. मला कोणी काही मागत नव्हतं. अशी मी शेवटची कधी बसले होते? आठवेना. माझी शाळा, माझं घर, रविवारची उपासना, पेटी. मला अजिबातच आठवेना.

आणि मग मला तुझा खरा राग आला. वर्षातून एकच दुपार? आणि तीही मागून घ्यायला गुडघ्यांचं कारण, दार उघडायचं कारण? “मला आज काही करायचं नाही, तुम्ही जा,” एवढं तू सांगू शकली नसतीस? कोणी नाही म्हटलं नसतं. पण कोणी विचारलंही नसतं, हेही खरं. आमच्या घरात तू काही न करता बसलेली कोणाला दिसलीच नाहीस, कारण तू सगळ्यांना आधी टेंपोत बसवून पाठवायचीस. चौदा वर्षांच्या मुलीला तू खोटं सांगितलंस याचं मला वाईट वाटत नाही. खरं सांगण्यासारखी मी पुढे कधी झाले नाही, याचं वाटतं.

ऊन उतरलं. काकींनी दिवा मालवला. टेंपो पुलाजवळ गिअर बदलतो तो आवाज आला आणि पाठोपाठ गाणं. आई, आतून किती स्पष्ट ऐकू येतं गं! पेटीमागे बसून मला फक्त माझाच सूर ऐकू यायचा. इथे एकेक आवाज सुटा कळतो. शिळफाट्याच्या मावशी आल्या आहेत, त्यांचा मुलगा आलेला नाही, सुधीरचा सूर खाली उतरलाय. तू दार उघडता उघडता, कोणाकडे न पाहता, “थोरला नाही आला का?” असं विचारायचीस आणि आम्ही चकित व्हायचो. तुला ते आधीच ऐकू आलेलं असायचं!

दोन कडवी झाली. मी कडीवर हात ठेवून विचारलं, “कोण आहे?”

बाहेर कोणीच बोलेना. सुधीर तिथे उभा आहे आणि त्याच्या तोंडून शब्द निघत नाही, हे मला दारातून कळत होतं. मी पुन्हा विचारलं नाही. दारही उघडलं नाही. ते त्याचं उत्तर होतं, ते त्यानेच द्यायचं.

शेवटी काकी ओरडल्या, “आरं बोला की! आत मान्सं उभी हायत!”

अंगणात हशा पिकला, आणि त्या हशातून सुधीरचा आवाज आला, फाटका पण मोठा, “आम्ही गाणारे!”

तिसरं कडवं तीन दिशांना गेलं. मी कडी काढली.

जेवताना काकींनी तुझं सगळं बिंग फोडलं. केस सोडणं, घोरणं, सगळं. सुधीर इतका हसला की डोळे पुसायला लागला.

“पुढच्या वर्षी मी थांबणार आत,” वंदना लगेच म्हणाली.

“तू कशाला? वयाने मोठी मी आहे,” शिळफाट्याच्या मावशी.

“मावशी, तुमचे गुडघे चांगले आहेत,” वंदना म्हणाली, आणि पुन्हा सगळे हसले.

“आणि मी?” सुधीरने विचारलं. “मला नको का एक दुपार?”

“तुला मिळंल रं,” काकी म्हणाल्या. “पन बिर्यानी आधी तूच शिजवायची.”

ज्या जागेवर यंदा कोणी बसेल का याची काळजी होती, तिच्यासाठी आता भांडण आहे. शेवटी वंदनाचा नंबर लागला.

म्हणून आई, तुला शब्द देते. पुढच्या चोवीस तारखेला मी पेटी घेऊन टेंपोत पुढे बसेन, आणि आत थांबलेल्या वंदनाचं मला मुळीच वाईट वाटणार नाही. चालवणाऱ्याला मी सांगणार आहे, घाई करू नकोस. खोपोलीत एक गाणं जास्त म्हणू, शिळफाट्याला चहाला थांबू. तिची झोप पुरी होईपर्यंत आम्ही त्या वळणावर येणार नाही.

तुझी,
एस्तेर